बाजूच्या रुळावरचं इंजिन

ती घटना आठवली की मला आधी हसू येतं आणि मग वाईट वाटतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी नगर स्टेशनच्या पोलीस चौकीवर फौजदार होतो. दौंड-मनमाड एकेरी मार्ग, त्यात लष्करी गाड्यांची भर. स्टेशनला उसंत म्हणून नव्हती. त्याच सुमारास माझ्या बरोबरीच्या एका फौजदाराने दरोडेखोरांची टोळी पकडून मोठ्या साहेबांकडून बक्षीस मिळवलं होतं. जो भेटेल तो मला त्याचंच कौतुक ऐकवायचा आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. आपल्याही हाती एखादं मोठं प्रकरण लागावं, एवढीच इच्छा धरून मी चौकीत बसायचो.

एका दुपारी मालगाडीचा एक ड्रायव्हर चौकीत आला. काष्टीकडचा, चाळिशी उलटलेला, डोक्याला रुमाल.

"साहेब, फलाटावर हेर हाय," तो म्हणाला. "सकाळधरनं इंजनांचे फोटू काढतोय. लढाईचे दिस हायेत, तुमी बगायला पायजे."

हेर म्हटल्यावर मी ताडकन उठलो. हवालदाराला घेऊन फलाटावर गेलो. गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक सडपातळ गृहस्थ मालगाडीच्या दिशेने पाहत उभे होते. युद्धकाळात स्टेशनात विनापरवाना फोटो काढायला सक्त मनाई होती. पंचांसमक्ष झडती घेतली, कॅमेरा जप्त केला आणि त्यांना कोठडीत बसवलं. झडतीत आणखी निघालं ते फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

जबाब घेताना कळलं की ते बेलापूरकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते. "साहेब, मला इंजिनं आवडतात," ते म्हणाले. "सुटी मिळाली की इथे येऊन दिवसभर बघत बसतो. कॅमेरा यंदाच घेतला."

"इंजिनं बघायला कोण येतं? कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. वाटल्यास डांबून ठेवा, पण शाळेत कळवू नका. माझी नोकरी जाईल."

खोटं बोलणारा घाबरतो असं लोक समजतात. माझा अनुभव वेगळा आहे. तो बायकामुलांच्या शपथा घेतो, आपण किती सज्जन हे सांगतो. मास्तर विचारलं तेव्हा फक्त इंजिनांबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता आपण कोठडीत आहोत हेच विसरत होते. पण मोठ्या साहेबांना ते पटेना. "मास्तर निर्दोष असेल तर ड्रायव्हर खोटी खबर का देईल? आधी ते शोधा, नाहीतर खटला भरा," असा त्यांचा हुकूम आला. खटला उभा राहिला असता तर शिक्षा पुढची गोष्ट, मास्तरांची नोकरी आधी गेली असती.

गावातल्या एका फोटोग्राफरकडून पंचांसमोर फिल्म धुऊन घेतली. सगळी इंजिनंच. लष्कराची गाडी नाही, तोफ नाही, शिपाई नाही. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली.

दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरची मालगाडी परत आली आणि तो तडक चौकीत आला.

"फोटू निघाले का, साहेब?"

"निघाले."

"कुनाकुनाची इंजनं हायेत त्यात?"

मी चमकलो. खबर देणारा माणूस विचारतो, कबूल झाला का, शिक्षा होईल का. हा विचारत होता, कुणाकुणाची. त्या काळी एकेक इंजिन एकेका ड्रायव्हरच्या स्वाधीन असे आणि तो त्याला दावणीच्या बैलासारखं जपत असे. मी फोटो टेबलावर मांडले. तो एकेक पाहू लागला. एका पॅसेंजर गाडीच्या इंजिनाचे दोन फोटो होते. ते पाहून त्याचा चेहरा काळवंडला. सगळे फोटो त्याने पुन्हा चाळले. त्याचं इंजिन त्यात नव्हतं. तो चेहरा मला ओळखीचा होता. रोज दाढी करताना आरशात मी तोच पाहत होतो.

"आता खरं काय ते सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू साहेब? चिंच लावून पितळ घासतो मी. माज्या इंजनात तोंड बगून घ्या. आन् त्या पाशिंजरवाल्याचं इंजन तेलानं बरबाटल्यालं. पर ते फलाटाला लागतं, माजं बाजूच्या रुळावर उबं ऱ्हातं. मास्तर त्याच्याम्होरं गुडघ्यावर बसून फोटू काढतोय आन् माज्याकडं पाठ! लई जळलं बगा आत."

"म्हणून हेर म्हणालात?"

त्याने मान खाली घातली. मी मास्तरांना कोठडीतून बाहेर आणलं आणि विचारलं, बाजूच्या रुळावरच्या इंजिनाचा फोटो का नाही?

"ते?" मास्तरांचा चेहरा खुलला. "त्याच्यासाठीच तर फिल्मवरचा शेवटचा फोटो राखून ठेवला होता. इतकं देखणं इंजिन या मार्गावर दुसरं नाही. पण दुपारपर्यंत ऊन त्याच्या पाठीमागून येतं. ऊन फिरून पितळेवर पडेल म्हणून थांबलो होतो, तेवढ्यात तुम्ही आलात."

ड्रायव्हरने डोक्याचा रुमाल काढला. मग मास्तरांसमोर हात जोडून म्हणाला, "चुकलं माजं. मंग काढा की आता."

पण कॅमेरा मुद्देमालात जमा होता. साहेबांनी मास्तरांना समज देऊन सोडलं, शाळेत कळवलं नाही. मात्र लढाई संपेपर्यंत कॅमेरा परत द्यायचा नाही, असा शेरा मारला. पुढे प्रत्येक फेरीला ड्रायव्हर चौकीत डोकावायचा. "सुटला का, साहेब?" एखाद्या कैद्याची चौकशी करावी तसा तो कॅमेऱ्याची चौकशी करायचा.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. जळणारा माणूस बहुधा खोटी खबर देत नाही. मास्तर फोटो काढत होते, हे खरंच होतं. जळणारा फक्त खऱ्या गोष्टीला वाईट नाव देतो. पुढच्या सगळ्या नोकरीत, खबर घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारत असे, तुला काय मिळायला हवं होतं आणि ते मिळालं नाही?

लढाई संपली. कॅमेरा सोडवून मास्तर त्याच दिवशी फलाटावर गेले, मीही बरोबर गेलो. ऊन फिरेपर्यंत आम्ही थांबलो. मालगाडी आली, बाजूच्या रुळावर उभी राहिली. मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. ड्रायव्हरने वरूनच हात आडवा केला.

"नगा काढू, मास्तर," तो म्हणाला. "माजं इंजन दुसऱ्या लाइनीला धाडलं. हे माजं न्हाई."