नानांची सैल रॅकेट

धुळ्याहून कुणी आलं की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. कित्येक वर्षं ही खोडच लागली होती. त्या सकाळी जळगावच्या कचेरीच्या दारात नानांचा पुतण्या दिसला आणि त्यानं तोंड उघडण्याआधीच मी खुर्चीवरून उठलो... नाना गेले होते.

नाना धुळ्याचे वकील आणि टेनिसचे वेडे. माझी जळगावला बदली होईपर्यंत आम्ही रोज क्लबात जोडीनं खेळायचो. नंतर सुट्टी मिळेल तेव्हा मी धुळं गाठायचो. दुसरं महायुद्ध सुरू झालं, रॅकेटची विलायती तात मिळेनाशी झाली, तेव्हा हा गृहस्थ थेट पिंजाऱ्याकडे गेला. कापूस पिंजायच्या कमानीला असते तीच तात त्यांनी रॅकेटला उभी ओढली आणि आडवं घातलं पीळदार रेशीम. सगळा क्लब हसला. वहिनी चोपड्याकडच्या माळकरी शेतकरी घरातल्या. आतड्याची ती वस्तू त्यांनी बरेच दिवस उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. पण हे काम एकट्याच्यानं होत नाही. एकानं तात ओढायची, दुसऱ्यानं भोकात आरी रोवून ती धरायची. शेवटी वहिनीच ओसरीवर बसून तात ओढू लागल्या.

मग डॉक्टरांनी नानांचं हृदय तपासलं आणि खेळ कायमचा बंद करायला सांगितलं. नानांनी मला बजावलं, "घरी बोललास तर माझी शपथ आहे." खेळ चालूच राहिला, फक्त रॅकेट बदलली. तात सैल ठेवली की चेंडू आपोआप लांब जातो, जोर लावावा लागत नाही, हा त्यांचा नवा शोध. चेंडू कधी कुंपणापलीकडे बाभळीत जाऊन पडे. ते हसत, आणि मी त्यांचे ओठ निळे पडलेत का ते बघत असे. दर खेपेला रॅकेट आणखी थोडी सैल. मला भीती वाटे आणि रागही येई. घरी वहिनी चहा पुढे ठेवत, तेव्हा मी पावसापाण्याचं बोलत बसे.

परवा धुळ्याला गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, शपथ, सगळं.

"माले बठ्ठं माहीत व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तात मीच ओढत व्हतू ना. दर खेपले ते म्हनेत, आखो सैल. माले समजी जाये."

मग म्हणाल्या, "आखरी खेपले मी घट्ट ओढी."

नानांनी ती घट्ट तात बोटानं दाबून पाहिली होती म्हणे. वहिनींकडे बघितलं आणि रॅकेट खुंटीला लावली. त्यानंतर ते खेळायला गेलेच नाहीत... मला मात्र कळवत राहिले की कोर्टात फार कामं आहेत, इतक्यात येऊ नकोस.