कॉलनीतल्या स्वस्त खोल्या

मलकापूरच्या एका दवाखान्यात मला नोकरी लागली आणि आम्ही अमडापूर सोडायचं ठरवलं. दवाखाना आणि लेकीची नवी शाळा एकाच कॉलनीत; पण कॉलनी डॉक्टरांची आणि कापसाच्या व्यापाऱ्यांची. भाडं ऐकलं की "कळवतो" म्हणून आम्ही फाटकातूनच मागे फिरत होतो.

शेवटी एका म्हातारीने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दाखवल्या. भाडं शेजारच्या घरांच्या निम्मं. जात विचारली नाही, डिपॉझिट मागितलं नाही.

नवऱ्याने जिन्यातच मला थांबवलं. "एवढं सस्त काऊन देऊन राह्यली? कायतरी लफडं असन."

त्याने नळ सोडून पाहिले, भिंतींना ओल शोधली. काहीच सापडलं नाही, तसा त्याचा संशय वाढला.

म्हातारीचं म्हणणं एवढंच, की संध्याकाळी समोरच्या खोलीतला लाइट लावायचा आणि कपडे रस्त्याकडच्या गॅलरीतच वाळत घालायचे. त्या कॉलनीत असे कपडे कोणीच वाळवत नाही. आधी इथं कोण राहत होतं, हे मी समोरच्या बाईंना विचारलं. "मले नाही माहीत," म्हणून त्या आत गेल्या.

तरी आम्ही राहायला गेलो. दुसरं परवडत नव्हतं. पण लेकीला मी घरात एकटं सोडत नव्हते.

एका रविवारी फाटकासमोर गाडी थांबली. दोन माणसं उतरली, वर आमच्या कपड्यांकडे बघत काहीतरी बोलली आणि आत न येताच निघून गेली. खाली ओट्यावर म्हातारी उभी, मोठ्या खुशीत. मी उतरले.

"आजी, खरं सांगा, कोण होते?"

"घर पाहाले आलते. पोरगा पुण्याले राह्यते. मले तिकडं नेऊन हे इकाचं म्हणते. भाडेकरू असले का गिऱ्हाईक बिचकते."

"मंग आमाले आधी काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं आले असते का तुमी?"

राग आला. पण घरात वाईट काही घडलेलं नव्हतं, म्हणून हायसंही वाटलं.

दिवाळीत म्हातारीचा मुलगा आला. नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही खोल्या सोडा, दुसरीकडे मी बघून देतो."

"आजी म्हणतीन तवा सोडू," नवरा म्हणाला. मुलगा तणतणत गेला.

आम्ही त्याला नाही म्हटल्याचं मी म्हातारीला सांगितलं, पण तिला ते खरं वाटलं नाही. आता माझा फोन वाजला की ती दारात येते. "पुण्याचा होता काय?" मी नाही म्हणते. ती माझा चेहरा निरखत उभी राहते, मग आत जाते.