फोनला खरं सांगितलं नाही

आमच्या पुंडलिकनगरात गल्लीच्या तोंडाशी लहान लेकरांची शाळा निघाली. तिथं मावशी पाहिजे होती. लेकरांचे हात धुवायचे, डबे उघडून द्यायचे, रडलं तर उचलून घ्यायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण घराबाहेर मी कधी काम केलं नव्हतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं तोंड उघडत नाही. लेकरांपुढं मात्र लाज वाटत नाही. म्हणून ही नोकरी मला मनापासून हवी होती.

शाळेच्या मॅडमनी एक अट घातली. "मावशी, शाळा इंग्रजी आहे. दारात आईबाप दोन शब्द विचारतात. महिन्याभरात स्वतःची माहिती इंग्रजीत सांगता आली पाहिजे."

माझं शिक्षण चौथी. लेकीनं माझ्या फोनमध्ये इंग्रजी शिकवणारं ॲप टाकून दिलं. त्यातली बाई आधी मराठीत समजावते, मग इंग्रजीत प्रश्न विचारते. आपण माईकचं चित्र दाबून उत्तर द्यायचं. बरोबर आलं की टाळ्या वाजतात.

पहिल्या दिवशी तिनं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी, कुठं राहतेस? मग नवऱ्याचं नाव काय, तो कामाला किती वाजता जातो, घरात माणसं किती. मी बोट काढून घेतलं. मागच्या साली गल्लीत दोन बाया सर्वे करायचा म्हणून आल्या होत्या. त्यांनीही हेच विचारलं होतं, आणि आठ दिवसांत कोपऱ्यावरच्या घरात चोरी झाली.

लेक हसायला लागली. "आई, ती बाई खरी नाय. मशीन हाय."

"मग माझा नवरा कव्हा घरी नसतो ते मशीनला कशाला पाहिजे?"

"तुला वाक्य शिकवायला!"

"शिकवायचं तर शिकव म्हणावं. माझं उत्तर कशाला ऐकती?"

"तू पोलिसात जायला पाहिजे होतंस," म्हणून ती कॉलेजला निघून गेली.

मी विचार केला. इंग्रजी तर शिकायचं होतं. मग स्वयंपाकघराचं दार लावलं आणि नाव सांगितलं माझ्या थोरल्या जावेचं. गाव सांगितलं तिचंच, पैठण. तिच्याकडं दोन कुत्री आहेत आणि माझे दीर दिवसभर ओट्यावर बसलेले असतात. चोर जायचेच असतील तर तिकडं जावोत. नवरा दिवसभर घरीच असतो असंही सांगून टाकलं.

नवऱ्याच्या नावापाशी मात्र अडले. यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. दिरांचं तर घ्यायचा प्रश्नच नव्हता. ती बाई पुनःपुन्हा विचारत होती. माझ्या जिभेला सवय आहे अशा पुरुषाचं एकच नाव, माझ्या धाकट्या भावाचं. तेच सांगितलं. टाळ्या वाजल्या.

पुढच्या आठवड्यात माझ्या फोनवर पैठणच्या साड्यांच्या जाहिराती यायला लागल्या. मी लेकीपुढं फोन धरला. "बघ. ऐकतंय का नाय?"

"तसंच असतंय आता सगळीकडं," ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

मग मी पक्कंच ठरवलं, फोनला खरं सांगायचं नाही. महिना संपेपर्यंत पोळ्या लाटताना तीच खोटी उत्तरं घोकली. झोपेतून उठवलं असतं तरी बिनचूक सांगितलं असतं.

ठरल्या दिवशी मॅडमनी माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स पुढं ठेवली आणि एकेक प्रश्न विचारला. जन्मात पहिल्यांदा मी परक्या माणसापुढं अडखळले नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होते. मॅडम खूश दिसल्या. मग त्यांची नजर कागदावर गेली.

"हे कार्ड कुणाचं आहे?"

"माझंच."

"यावर नाव वेगळं आहे. तुम्ही सांगता पैठण, इथं पुंडलिकनगर. नवऱ्याचं नावही वेगळं." त्यांचा आवाज बदलला. "मावशी, ही लहान लेकरांची शाळा आहे."

त्या चोरीनंतर गल्लीत येणाऱ्या परक्या बायांकडं मी ज्या नजरेनं बघायला लागले होते, तीच नजर माझ्यावर होती. गप्प बसले तर नोकरी गेली, एवढं कळत होतं. जमेल तसं सगळं सांगितलं, कोपऱ्यावरच्या घरापासून.

"आणि नवरा म्हणून सांगितलं ते कोण?"

"माझा भाऊ."

मॅडमनी तोंडावर हात धरला. हसून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या खरं सांगा. नाही आलं तर मला दुसरी मावशी बघावी लागेल."

घरी आले. फोन बंद केला, टॉवेलात गुंडाळला, गव्हाच्या कोठीत ठेवून वर झाकण लावलं आणि गच्चीवर गेले. दुपारची वेळ, वर कुणी नव्हतं. स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता म्हणून बघितला. महिनाभर घोकलेलं पैठण सारखं मधे येत होतं. यांच्या नावाला संध्याकाळ झाली. पाण्याच्या टाकीकडं तोंड करून नाव घेतलं एकदाचं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम कार्डावर पेन्सिलीनं खुणा करत गेल्या. शेवटच्या प्रश्नाला माझा पदर तोंडाशी गेला.

"पदर खाली, मावशी."

मी सांगितलं. मॅडमनी शेवटची खूण केली आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

ॲप अजून फोनमध्ये आहे. रोज सकाळी जावेच्या नावानं हाक मारून मला अभ्यासाला बोलावतं. मी ओ देत नाही. शाळेच्या दारात आईबाप बोलतात, त्यांना मी नाव सांगते. कुठं राहता असं कुणी विचारलं, तर तुमचं लेकरू कोणतं ते मी आधी विचारते.