फिरकीच्या तांब्यातलं न्हाणीचं पाणी

महादेवीअक्का, मुक्काम कुंभारी, सोलापूर. आधी हे नाव लिहिते, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी हे पुण्यात बसून लिहीत नसते; कधीच गोंदियाची गाडी धरून घरी परतले असते.

आठवीत माझी शाळा सुटली. घरापासून इतक्या लांब पुण्याला आले आणि एका प्रयोगशाळेत फरशी पुसायला लागले. तिथं साबण, शाम्पू, तोंडाला लावायच्या क्रीम यांचं अंघोळीनंतर पाण्यात काय काय उरतं ते मोजतात. नमुने आणणाऱ्या ताई आजारी पडल्या म्हणून प्रयोगशाळेच्या सरांनी मला एकटीला कुंभारीला पाठवलं. "आठवीच्या मुलीवर सोडताय?" कुणीतरी विचारलंच. सर म्हणाले, "पाणी भरून आणायचंय, पेपर लिहायचा नाहीये." पण मला ठाऊक होतं, पाणी बिघडलं की माझी परत फरशी, आणि सरांनाही बोल.

त्यांनी तीनदा बजावलं होतं. काचेच्या बाटल्यांना साबण लावायचा नाही, कारण साबणच मोजायचा आहे. प्लॅस्टिकमध्ये भरायचं नाही, कारण फेसवॉशमधले बारीक कण प्लॅस्टिकचेच असतात. आणि बर्फात ठेवून दुसऱ्या सकाळी पुण्यात पोचवायचं.

गाडीत बाटल्यांचा, येताना बर्फ भरायचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. कुर्डुवाडीनंतर बाहेर काळी रानं आणि वाळत आलेली ज्वारी. माझ्या डोळ्यांना भातखाचरांची सवय, तिथं सगळंच उघडं उघडं वाटलं.

सरांनी माझी उतरायची सोय अक्कांकडं केली होती. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला, दारात म्हैस. कट्ट्यावर त्यांचे सासरे बसलेले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी विचारलं, "ऊटा आतेनु?" (जेवण झालं का?) मला कळलं नाही; मी डबाच पुढं केला.

"कानडी येत न्हाय व्हय तिला, आप्पा," अक्का आतून म्हणाल्या. "ये पोरी. डब्यात काय आणलंस, मासे का?"

"रिकाम्या बाटल्या आहेत, अक्का."

"एवढ्या लांबनं रिकाम्या बाटल्या! शिकल्यालं लोक लई येगळं बगा."

रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी (शेंगदाण्याची कोरडी चटणी). पापडासारखी वाजणारी भाकरी चावता चावता भात खाणाऱ्या माझ्या जबड्याला रग लागली. अक्कांनी न बोलता ती दुधात कुस्करून दिली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. त्या दिवशी अख्खी गल्ली डोक्यावरून न्हाते, म्हणून सरांनी तोच दिवस धरला होता. पाच घरांच्या मोऱ्या जिथं एक होऊन ओढ्याकडं जातात, तिथं प्रयोगशाळेनं आधीच टेम्पोनं पाठवलेलं स्टीलचं पिंप लावलं. मी पिंपाशी बसले. पाणी आलं ते पांढऱ्या फेसाचं, मोगऱ्याच्या वासाचं. बायका जाता-येता थट्टा करत होत्या, "आमच्या न्हाणीचं पाणी पुण्याला निघालं गं! आमाला न्हेत न्हाईत ते न्हाईतच."

पिंप भरलं. मी बाटल्या आणायला घरी धावले.

सगळ्या बाटल्या अंगणात बाजेवर उन्हात पालथ्या. लख्ख. शेजारी भांडी घासायचा साबण.

"पावण्याची भांडी मळकी कशी ठेवायची?" अक्का पदराला हात पुसत हसल्या. "चांगल्या दोनदा घासल्या बग."

मी तिथंच खाली बसले आणि रडत सगळं सांगितलं. अक्कांचं हसू मावळलं. "पाण्यानं खळबळून चालत न्हाय?" नाही. पातेली? साबणाची. बरण्या? साबणाच्या. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं? तिथंही तेच. भरलेलं पिंप घेऊन गाडीत चढता येत नव्हतं, आणि अशी अमावास्या पुन्हा महिन्यानं. तेवढी कळ कोण काढणार होतं?

अक्का उठून देवघरात गेल्या. येताना हातात पितळी फिरकीचा तांब्या, झाकण फिरवून बंद होणारा. अक्कांच्या सासूबाईंनी श्रीशैलहून त्यातनं तीर्थ आणलेलं. लिंगाला पाणी घालायचं ते त्यातलंच.

"ह्याला साबण ठाव न्हाय. चिंच आन राख, बास."

"ब्याड, ब्याड!" (नको, नको!) आप्पा कट्ट्यावरनं ओरडले. "द्येवाच्या तांब्यात न्हाणीचं पाणी? महादेवी, डोस्कं फिरलं का तुजं?"

मीही म्हणाले, "अक्का, राहू दे."

अक्का सासऱ्यांपुढं डोक्यावरचा पदर सावरून बोलल्या, पण बोलल्या. "आप्पा, हे पाणी वड्याला जातंय. त्या वड्यात आपली म्हस पितीय. तिचं दूध तुमी रोज लिंगाला घालताय की. मग त्यात काय हाय ते कळू दे का नको?"

आप्पांनी दारातल्या म्हशीकडं बघितलं. मी सरांना फोन लावला. पितळ चालेल का?

"साबण कधीच लागला नाही?"

"कधीच नाही, सर."

सरांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, "साबण आणि कण तेवढे बघता येतील. आण."

पाणी ढवळून तांब्या भरला. झाकण फिरवलं तर कडेनं थेंब गळायला लागला. तेवढ्यात आप्पा खाली उतरले. माझ्याकडं न बघता त्यांनी तांब्या घेतला, समईच्या वातीचं कोरं सूत झाकणाच्या आट्यांवर गुंडाळलं आणि घट्ट पिळून दिला. उलटा करून पाहिला. गळला नाही. स्टेशनला जाताना मोटरसायकल त्यांनीच काढली. वाटेत सरबताच्या गाड्यावर थांबून डब्यात बर्फ भरून घेतला. बोलले एवढंच, "नीट धर."

पाणी वेळेत पोचलं. सरांनी मोजलं. साबण होता, कणही होते. म्हशीच्या ओढ्याला जाणारे. सरांनी ते कागदावर लिहून कुंभारीला कळवलंय. माझी फरशी सुटली. आता नमुने मीच आणते.

तांब्या मी चिंच-राखेनं घासला, तरी तो परत देवघरात द्यायचं मनाला पटेना. फोनवर अक्का म्हणाल्या, "आता त्यो द्येवाला न्हाय चालायचा. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे, कामाला यील."

तो माझ्या टेबलावर आहे. अक्का, एक दिवस मी श्रीशैलला जाईन, नवा फिरकीचा तांब्या तीर्थानं भरीन आणि तुमच्या देवघरात आणून ठेवीन. झाकणाला सूत मात्र आप्पांनीच गुंडाळायचं.