स्थळ स्पेनचं

जगात काळजी म्हणून जेवढी काही आहे, तिची मुख्य वखार पळसदेवला आमच्या आत्याच्या घरी आहे. बाकीचे आपण सगळे किरकोळ विक्रेते. कुत्रं भुंकलं तर चोर आले असतील आणि न भुंकलं तर कुत्र्याला काय झालं असेल, या दोन्ही चिंता ती एकाच अंथरुणात करते. लग्नाला जाताना घरून जेवून निघते, कारण "वाडपी आपल्यापत्तूर यील का न्हाय, कुणी सांगावं?" माझे वडील बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरला निघाले की ही हायवेच्या फाट्यावर जाऊन उभी राहते. वडील एसटीच्या खिडकीतून हात करतात, गाडी पुढे जाते, आणि ही लगेच फोन लावते, "भाऊ, चेहरा उतरलाय तुजा. काय दुखतंय का?"

आई गेल्यावर मला वाढवलं ते आत्यानंच. त्यामुळे कॉलेजच्या स्पॅनिशच्या बाईंनी स्पेनमधल्या वॅलेन्सियात एका कुटुंबात महिनाभर राहून भाषा शिकायची सोय करून दिली, तेव्हा वडिलांनी सरळ हात वर केले. "आक्का हो म्हणली तर जा." झालं! एवढी रात्रंदिवस घोकलेली क्रियापदं आत्याच्या एका शब्दावर येऊन अडकली.

आत्या नाही म्हणाली नाही. नाही म्हणाली असती तर मी भांडले तरी असते. ती नुसती काळजी करत राहिली. आधी तिनं मला परक्या घरची रीत शिकवली. "पयल्या हाकंला जेवायला बसू न्हाय. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताट वडायचं." मी म्हटलं, "आत्या, तिकडं एकदा नको म्हटलं की ताट उचलतात." तिचा हात कपाळावर गेला. "आगं बया! म्हंजी उपाशी मरतीस की तू!" त्या दिवसापासून शेंगदाण्याची चटणी कुटायला जी सुरुवात झाली, ती बॅगेत कपड्यांना जागा उरेना तेव्हा थांबली.

आणि मग एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "घर कुणी बगितलंय?"

आमच्याकडे मुलगी द्यायची तर कुणीतरी मोठं माणूस आधी जाऊन घर बघून येतं. ओसरीवर बसायचं, प्यायला पाणी मागायचं. तांब्या लख्ख असला तर बाकीचं घरही तसंच, हा आत्याचा कायदा. मी सांगून दमले की हे लग्न नव्हे. "म्हैनाभर पोरगी ऱ्हानार आन घर बगायचं न्हाय? म्या न्हाय पाठवनार." झालं, तिचा शब्द पडला! शेवटी मी त्या घरच्या पिलारबाईंना निरोप धाडला की आमच्या आत्याला तुमचं घर बघायचं आहे. मला इतकी लाज वाटली की विचारू नका.

ठरल्या संध्याकाळी आत्या इरकल नेसून फोनसमोर बसली. नमस्कार झाला, आणि दुसरं वाक्य, "पानी आन म्हणावं." पिलारबाई गोंधळल्या, पण त्यांनी पाण्याचा पेला आणून उजेडात धरला. आत्यानं तो डोळे बारीक करून तपासला. मग मोरी, मग चूल, मग नवरा. नवरा बिचारा पेपर खाली ठेवून उभा राहिला आणि वाकून नमस्कार करू लागला. "माणूस गरीब दिसतोय," आत्या पुटपुटली. शेवटी माझी खोली आली.

"दाराला आतनं कडी हाय का, इचार."

का, ते पिलारबाईंनी विचारलं नाही. त्या आत गेल्या, दार लावलं, आणि कडी सरकवल्याचा आवाज फोनमधून ऐकू आला. आत्यानं फोन कानाशी नेला.

मग पिलारबाई म्हणाल्या, आता तुमची पाळी. मुलगी कुठल्या घरातून येते, ते मलाही बघू दे.

आत्याची धांदल उडाली. "आगं, पसारा पडलाय! आधी सांगायचं न्हाय व्हय?" तरी पदर सारखा करून उठली. स्वयंपाकघर दाखवलं, शेळ्या दाखवल्या, परसदार उघडून उजनीचं पाणी दाखवलं. तिथं तिचा हात थांबला.

"त्या पान्याखाली आमचं जुनं घर हाय. म्या नवरी हून आले, ती तितं. धरनाचं पानी चढत हुतं, ज्यो त्यो बिऱ्हाड हलवत हुता. माझं घर बगाय कुनाला सवड? वरातीतनं उतरले तवाच बगितलं म्या." मग हळूच म्हणाली, "आतनं कडी न्हवती."

जमेल तेवढं मी पिलारबाईंना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि त्या थोडंसंच बोलल्या.

"काय म्हणती?"

"तुमचं घर फार सुंदर आहे, म्हणते."

आत्यानं फोनची काच पदरानं पुसली. "पसंत हाय म्हणावं. न्हेऊ दे पोरीला."

उद्या मी निघणार. आत्याच्या काळज्या पुन्हा जोरात सुरू झाल्या आहेत: विमान, थंडी, माझं नको म्हणणं. पण मधेच चटणीची पुडी बांधता बांधता ती थांबते. "ती काय म्हणली हुती गं, घराचं? तिच्या बोलीत सांग."

मी सांगते. एक शब्दही तिला कळत नाही. डोळे मिटून ती ऐकते, आणि म्हणते, "आनिक एकदा."