आमिषाचं पाइन

जंगलाची राखण करणाऱ्या ताईंना खोडकिड्यांचा राग का येत नाही, हे त्यांच्या नवऱ्याला काही केल्या कळत नसे.

"अगं, तांदळाएवढा जीव, आणि उभं पाइन वाळवतो!"

"एकट्याची कुठली छाती?" ताई हसायच्या. "धडधाकट झाडात शिरला तर चिकातच बुडून मरतो."

पण त्या वर्षी पाऊस रुसला. झाडांचा चीक आटला. पहिले किडे सालीत शिरले आणि वास सोडून त्यांनी सगळ्या गोतावळ्याला आवतण धाडलं. उतारावरच्या दोन पाइनच्या बुंध्याशी तांबूस भुसा दिसला, तेव्हा ताईंनी वनखात्याच्या साहेबांना कळवलं.

साहेबांनी उपाय सांगितला: एक झाड पाडा. पडलेल्या झाडाला चिकाचा मारा करता येत नाही, त्यामुळे किडे आधी त्याच्यावर तुटून पडतात. मग पिल्लं बाहेर पडायच्या आत साल सोलून जाळायची. कुठलं झाड, ते ताईंनी ठरवायचं.

ताईंनी वाटेवर कललेलं पाइन निवडलं. लग्नानंतर ती दोघं त्याच्याच सावलीत डबा खायची.

"दुसरं नाही का एखादं?" नवऱ्याने विचारलं. तो लाकूडकाप्या, करवत त्यालाच चालवायची होती.

"आहेत की. पण हे पडताना शेजारच्या कुणाला धक्का लागत नाही."

त्याने करवत सुरू केली.

किडे आले, आणि असे आले की ओंडका भुशाने माखला. मग येणं आपोआप थांबलं.

"दमले वाटतं," नवरा म्हणाला.

"छे! आत दाटी झाली की ते दुसरा वास सोडतात. म्हणजे, जागा नाही, पुढे व्हा."

"घरी पाहुण्यांसाठी असला वास मिळेल का?"

दोघांनी मिळून साल सोलली. आत नक्षीसारखे बोगदे, दोन्ही बाजूंना अंडी ओळीने मांडलेली. ताई क्षणभर बघत राहिल्या, आणि मग त्यांनी साल आगीत टाकली.

ती दोन झाडं गेली, पण बाकीचा उतार हिरवा राहिला. किड्यांनी आणलेल्या बुरशीमुळे ओंडक्यात निळसर रेघा उठल्या होत्या; म्हणून तो कुणी विकत घेईना. साहेबांची परवानगी काढून नवऱ्याने त्याचा पलंग केला.

"बघ, जरासुद्धा कुरकुरत नाही," तो अभिमानाने म्हणाला.

"त्याला मी आहे ना," म्हणत ताई निळ्या रेघांवर ऐसपैस आडव्या झाल्या.