तात्यांच्या खोलीतलं पाऊल

मुलुंडच्या तात्यांनी मला फसवलं. सरळच सांगते.

भूतखेतं, उतारे, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. मरणाऱ्या माणसांजवळ बसायचं हे माझं कामच. घरचे थकले की मला बोलावतात. कोकणातून एकटी आले, जोगेश्वरीत स्वतःची खोली केली. बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा पहिल्या भावाला उचलत नाही. एक नेम मात्र पाळला — ज्याच्या उशाशी बसले त्याला एकटं जाऊ द्यायचं नाही.

घरोघरी व्हिडिओ नुकते येत होते, तेव्हाची गोष्ट. तात्या अंथरुणाला खिळलेले, पण जीभ तिखट. एका दुपारी म्हणाले, "बाई, शेवटची हसलीस कधी?"

"हसायला इथे काय लग्न आहे?"

"माझ्याआधी तूच मेलीस की गं. जा, मॅटिनीला एखादा विनोदी सिनेमा बघून ये."

"आणि तुम्ही गेलात म्हणजे?"

"थांबतो."

"इंटरव्हलपर्यंतच बघेन."

"पूर्ण बघायचा. नाहीतर आज मी औषध घेणार नाही."

"मग मी येईस्तोवर हलायचं नाही. शब्द द्या."

त्यांनी हात पुढे केला. सौदा पक्का झाला.

सिनेमा फालतू होता. पण नट भिंतीवरून थेट शेणात पडला आणि मला जे हसू फुटलं ते थांबेचना. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने पाणी पुढे केलं. डोळे पुसत परत आले, तर दारात चपलांचा ढीग.

"मघाशीच गेले हो," त्यांची सून म्हणाली. "झोपेतच. जवळ कोणी नव्हतं."

त्यांच्याकडे रीत आहे — माणूस गेला त्या जागी पीठ पसरायचं, दिवा लावायचा, वर टोपली झाकायची. पिठात ज्याचा ठसा उमटेल, त्याच्या जन्माला तो गेला म्हणायचं. तात्यांना नेल्यावर सुनेने ते सगळं केलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. मी जोगेश्वरीला निघून गेले.

सकाळी मी परत आले, तेव्हा सगळ्यांसमोर टोपली उचलली. पिठात माणसाचं डावं पाऊल. अंगठ्यावर चढलेलं दुसरं बोट.

लहानपणी पायावर वरवंटा पडला तेव्हापासून माझं बोट तसंच आहे. सगळे माझ्या पायाकडे बघायला लागले.

"बाई, तू आत गेली होतीस?" सुनेने विचारलं.

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि विचारता मला?"

रागाच्या भरात ठशाशेजारी पाय दाबला. रेषेला रेष जुळली. खुलासा तेव्हाही नव्हता, आजही नाही.

काम मी सोडलेलं नाही. पण रविवारी कोणाच्या उशाशी बसत नाही, मॅटिनीला जाते. मोठ्याने हसते. म्हणून काय तुम्ही सुटलात, तात्या? मला मेलेली धरून, मी जिवंत असताना माझा नवा जन्म ठरवणारे तुम्ही कोण? आणि थांबतो म्हणाला होतात, हातावर हात दिला होतात.

का नाही थांबलात? मला उत्तर पाहिजे.